चर्चवारीचे एक वर्ष

महाराष्ट्र आणि गोव्यातील ऐतिहासिक चर्चांकडे आपण बहुधा परकीय राजवटींच्या खुणा म्हणून पाहतो. वर्ध्याजवळच्या नालवाडीहून निघून वर्षभर या चर्चांना दिलेल्या भेटींत त्यांची एक निराळी, मराठी ओळख समोर आली. तिचा हा धावता आढावा.

गेल्या जानेवारीत एका सकाळी नालवाडीहून नागपूरला निघालो, तेव्हा हातात एक कोरी वही होती. पहिल्या पानावर दहा-बारा जुन्या चर्चांची नावे तेवढी लिहिलेली होती. बसमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या गृहस्थांनी वहीत डोकावून विचारले, "साहेब लोकायचे देवळं पाहाले चालले का गुरुजी? त्यात आपलं काय हाय?" प्रश्नात कुचेष्टा नव्हती, निव्वळ कुतूहल होते. पण त्याचे नेमके उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. आता वर्ष सरले आहे, वही भरली आहे आणि उत्तराची जुळवाजुळव करता येईल असे वाटते.

नालवाडीत पोर्तुगीजकालीन चर्च असण्याचा प्रश्नच नाही. पोर्तुगीजांची सत्ता कोकणपट्टी ओलांडून इकडे आलीच नाही. नालवाडीची ओळख वेगळी आहे. डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे येथे राहायला आले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. १९३८ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव ते पवनारला गेले. याच विनोबांनी पुढे नव्या करारातील वेचक वचनांचे 'ख्रिस्त-धर्म-सार' हे संकलन केले. वर्ध्यातच मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि तुरुंगवासात त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिले. येशूचे नाव या परिसराला परके नव्हते. चर्चांची वास्तू आणि तिच्याभोवतीचा समाज मात्र आमच्या अनुभवाबाहेर राहिला होता.

धर्मग्राम म्हणजे काय?

प्रवासाला निघण्यापूर्वी एका शब्दाने मला अडवले. इंग्रजीत ज्याला 'पॅरिश' म्हणतात, त्याला मराठी कॅथलिक समाजात 'धर्मग्राम' असा सुरेख शब्द आहे. अनेक धर्मग्राम मिळून 'धर्मप्रांत' होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. धर्मग्रामाची जबाबदारी ज्यांच्याकडे असते ते प्रमुख धर्मगुरू. एखाद्या संस्थेच्या, किल्ल्याच्या किंवा मठाच्या आवारातील छोटे प्रार्थनास्थळ म्हणजे चॅपेल. त्याला स्वतःचा धर्मग्राम असतोच असे नाही.

आपण ज्याला चर्च म्हणून ओळखतो ती इमारत या व्यवस्थेचा केवळ एक भाग आहे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या हा तिचा दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये यांपैकी बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदींना शिस्त लावली. त्यामुळे जुन्या धर्मग्रामांत सामान्य माणसांची नावे पिढ्यानुपिढ्या लिहिली गेली. राजेरजवाड्यांच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. शेतकरी, कोळी आणि सुतार यांच्या जन्ममृत्यूंची अशी सलग नोंद मात्र विरळाच आढळते.

वर्षाच्या प्रारंभी माझी दृष्टी भिंतींवर होती. किती जुनी, कोणत्या शैलीची, मूळची की पुन्हा बांधलेली, एवढेच मी टिपत होतो. जेथे जुनी भिंत पाडून नवी उभी राहिली होती, तेथे मनातल्या मनात हळहळत होतो. ही दृष्टी हळूहळू कशी बदलत गेली, हे पुढील टप्प्यांवरून ध्यानात येईल.

नागपूर : आरंभ घराजवळून

वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर. वाटेत बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे टाकळघाटचा फाटा लागतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांनी शाळा काढली, भूगर्भाचा अभ्यास केला, आदिवासींच्या परंपरा टिपल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. शेकडो वेळा या रस्त्याने गेलो असेन, पण ही हकीकत ठाऊक असूनही तो फाटा मी कधी थांबून पाहिला नव्हता. या वेळी पाहिला.

नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे. इंग्रज लष्कर आणि मुलकी अधिकाऱ्यांच्या उपासनेसाठी ते उभे राहिले. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला आणि या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला. आत शिरल्यावर भिंतींवरील स्मृतिफलकांत इंग्रजी नावांची गर्दी दिसते आणि माझ्या सहप्रवाशाचा प्रश्न पुन्हा आठवतो.

पण नागपूरची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट आदी सहा प्रवाह एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' या संयुक्त मंडळीची स्थापना झाली. युरोपात एकमेकांपासून दुरावलेले पंथ भारतात एकत्र नांदू लागले आणि या एकीकरणाचे स्थान विदर्भात होते, ही बाब आमच्याकडील पाठ्यपुस्तकांत फारशी दिसत नाही. फलकांवरील नावे इंग्रजी असली, तरी बाकांवर बसणारी माणसे आज येथलीच आहेत.

नगर : अभंगाच्या चालीवर उपासना

मार्चमध्ये अहमदनगर गाठले. २०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे ठाणे मांडले. १८४२ मध्ये येथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले आणि मराठी पत्रकारितेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. या परिसरातील प्रॉटेस्टंट चर्चे वास्तुकलेच्या दृष्टीने साधी आहेत. रंगीत काचा, संतांचे पुतळे, सोनेरी वेदी यांचा येथे मागमूस नाही. उंच छत, बाके, प्रवचनपीठ आणि समोर क्रूस, एवढाच संसार.

येथे पाहण्यापेक्षा ऐकण्याचे अधिक आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी शेकडो पदे रचली. ओवी, अभंग आणि कीर्तन या आपल्या परंपरेतील साधनांनी त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासना घडवली. 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत आणि रविवारी मंडळी ती आजही गातात. पाश्चात्त्य चालीचे एक गीत संपून टाळ आणि तबल्याच्या साथीने पद सुरू झाले, तेव्हा मी जो सैलावून बसलो, तो शेवटपर्यंत. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे हे घराणे मराठी वाचकांच्या घरचे झालेच आहे. त्या पुस्तकातील जग ज्या मंडळींत घडले, तेथे एकदा बसून पाहावे, असे आता प्रत्येकाला सुचवावेसे वाटते.

पुणे : पेशव्यांची जमीन, पंचहौदाचा चहा

पुण्यातील नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ, 'सिटी चर्च' या नावाने ओळखले जाणारे निष्कलंक मातेचे चर्च आहे. त्याचा आरंभ १७९२ सालचा. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोवेकर ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्यातील एक अधिकारी दोम मिगेल दी नोरोन्हा यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी चर्चसाठी जमीन दिली. सध्याची इमारत नंतरच्या काळातील आहे. वसई जिंकल्याला तोवर त्रेपन्न वर्षे लोटली होती. ज्या दरबाराने पोर्तुगीजांचा पराभव केला, त्याच दरबाराने आपल्या ख्रिस्ती चाकरांना राजधानीत प्रार्थनेसाठी जागा दिली. पुण्याचा इतिहास सांगताना हा तपशील क्वचित सांगितला जातो.

तेथून जवळच गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालय आहे. १८८५ चे हे चर्च, त्याचा स्वतंत्र घंटामनोरा आणि तेथील मिशनचे आवार 'पंचहौद' या नावाने प्रसिद्ध आहे. 'देवालय' हा शब्द चर्चच्या नावातच आहे, याचे मला विशेष वाटले. १८९० मध्ये या मिशनमधील एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतल्यावरून शहरात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि दोघांनाही या ना त्या स्वरूपात प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. एका पेल्याभोवती अख्ख्या शहराचे समाजकारण ढवळून निघाले, ते हे आवार. आज तेथे उभे राहिले की आपण किती दूर आलो याचा आनंद होतो. पुरेसे दूर आलो का, हा प्रश्नही सोबत असतोच.

मुंबई : पाडलेल्या भिंती, टिकलेले धर्मग्राम

सप्टेंबरात विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठली. चर्चगेट स्थानकावर रोज लाखो लोक उतरतात, पण त्या नावातील 'चर्च' कोणते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते म्हणजे फोर्टमधील सेंट थॉमस. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात १६७६ मध्ये त्याचा पाया घातला गेला, काम दीर्घकाळ रखडले आणि १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. किल्ल्याच्या तटबंदीतील या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. तट गेला, दरवाजा गेला, नाव राहिले.

कुलाब्याचे 'अफगाण चर्च', म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, १८५८ मध्ये उपासनेला खुले झाले. १८३८ ते १८४२ च्या पहिल्या अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांचे ते स्मारक. त्याचा उंच निमुळता मनोरा समुद्रावरून दिसावा अशी योजना होती. वास्तू म्हणून ते अप्रतिम आहे. पण ज्यांच्यासाठी ते बांधले ती पलटण, ते अधिकारी, ते कुटुंबकबिले कधीच निघून गेले. दुपारच्या वेळी मी आत एकटाच होतो आणि खांबांमधून फक्त कबुतरांची फडफड ऐकू येत होती.

नेमका याच्या उलट अनुभव माहीम आणि दादर येथे आला. माहीमचे सेंट मायकल चर्च मुंबईतील सर्वांत जुन्या धर्मग्रामांपैकी एक. त्याची आजची इमारत १९७३ ची. दादरचे 'पोर्तुगीज चर्च', म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, मूळचे १५९६ चे. सत्तरच्या दशकात जुनी वास्तू जाऊन तेथे चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार अंगणे आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या छतांची आधुनिक वास्तू उभी राहिली. नाव पोर्तुगीज, वास्तू विसाव्या शतकातील, धर्मग्राम सोळाव्या शतकापासूनचा. येथे प्रथमच माझ्या हळहळीला तडा गेला. माहीमला बुधवारी नोव्हेनासाठी लोटणारी गर्दी १९४८ पासूनची परंपरा चालवते. त्या गर्दीत सर्व धर्मांची माणसे असतात. हे चर्च 'जुने' नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि कुलाब्याचे चर्च अधिक अस्सल, असे तरी कसे म्हणावे?

बांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चे. जेझुइटांनी ते कोळी वस्तीसाठी स्थापन केले. त्याच्या आवारात एकाच पाषाणातून घडवलेला उंच क्रूस आहे आणि त्यावर येशूच्या दुःखसहनाची चिन्हे कोरलेली आहेत. टेकडीवरील माउंट मेरीला कोळी बांधव 'मोत माउली' म्हणतात. 'मोंते' या पोर्तुगीज शब्दाला मराठी माउली अशी सहज येऊन भेटली. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या युद्धकाळात तेथील मूर्ती माहीमच्या चर्चमध्ये सुरक्षित ठेवली होती आणि १७६१ मध्ये ती परत आणली, असे सांगितले जाते. आठ सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारी सुरू होणारी बांद्र्याची जत्रा आठवडाभर चालते. मेणाचे हात, पाय, घरे, बाळे वाहून नवस फेडणाऱ्यांत कोळणी होत्या, नऊवारीतल्या आजीबाई होत्या आणि कपाळी कुंकू लावलेल्या सुवासिनीही होत्या. मुंबईच्या या मूळ ख्रिस्ती रहिवाशांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. नाव इंग्रजी असले तरी त्यांच्या घरातील बोली मराठीचीच आहे.

वसई : ओसाड किल्ला, गजबजलेली गावे

नोव्हेंबरात वसई पाहिली आणि वर्षभराच्या प्रवासाचा अर्थ खऱ्या अर्थाने तेथे उलगडला. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोन शतकांत किल्ल्याच्या आत चर्चे, मठ आणि विद्यालये उभी राहिली. आज त्यांच्या छपराविना भिंती, कमानी आणि जमिनीत रुतलेल्या कोरीव शिळा उरल्या आहेत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. याच वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

किल्ल्यातील घंटांची गोष्ट मात्र ओसाडीची नाही. विजयानंतर त्या महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, भीमाशंकरच्या आवारातील आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरील घंटा चर्चांतून आलेल्या आहेत. त्यांच्यावरील ख्रिस्ती चिन्हे आजही दिसतात. विजयचिन्ह म्हणून आणलेल्या या घंटा लोकांनी देवाच्या दारात बांधल्या आणि पिढ्यानुपिढ्या वाजवल्या. धातूचा नाद कोणत्या धर्माचा, असे कोणा भाविकाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

किल्ल्याबाहेर पडून रमेदी, पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशी गावे फिरत गेलो की दृश्य पालटते. केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि दर दोन-तीन किलोमीटरवर एक पांढरे चर्च. सत्ता गेली, किल्ला पडला, पण गावांतील धर्मग्राम टिकले. कारण ते राजसत्तेपेक्षा शेतकरी आणि कोळी समाजाच्या आधाराने उभे होते. वाडवळ आणि सामवेदी समाजांच्या बोली, लुगड्याच्या तऱ्हा आणि लग्नगीते यांत आपल्या जुन्या मराठी जीवनाचे कितीतरी अवशेष जपलेले आहेत.

निर्मळला होली क्रॉस चर्च आहे आणि जवळच टेकडीवर शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर. कार्तिकातील यात्रेचे ते दिवस होते. चर्चच्या आसपासच्या रस्त्यांवर यात्रेची दुकाने लागली होती आणि खरेदीला दोन्ही धर्मांची माणसे होती. ताडपत्रीखाली सुकेळी विकणाऱ्या एका आजींना मी विचारले, "ही यात्रा तुमची की त्यांची?" त्या हसून म्हणाल्या, "गावाची." मी वहीत तेवढाच शब्द लिहून घेतला.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर वसईत मराठी मिस्सा रुजली. 'सुवार्ता' मासिकाने या समाजाच्या मराठी लेखनाला व्यासपीठ दिले. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मूळ भाषांचा आधार घेऊन 'सुबोध बायबल' मराठीत आणले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईतील पाणी आणि हिरवाई वाचवण्याच्या आंदोलनातही ते अग्रभागी होते. ज्या चर्चचे धर्मगुरू गावाच्या विहिरींसाठी रस्त्यावर उतरतात, त्या व्यवस्थेला धर्मग्राम हाच शब्द शोभतो.

गोवा : जेथे मराठीत पुराण लिहिले गेले

वर्षाची सांगता डिसेंबरात गोव्यात केली. पणजीचे चर्च पुण्यातील सिटी चर्चप्रमाणेच निष्कलंक मातेचे. १५४१ मध्ये येथे पहिले प्रार्थनास्थळ उभे राहिले आणि १६१९ मध्ये ते नव्याने बांधले गेले. लिस्बनहून महिनोन्महिने प्रवास करून आलेले खलाशी प्रथम येथे उतरून आभाराची प्रार्थना करीत. त्याच्या मनोऱ्यातील प्रचंड घंटा जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीन चर्चची. त्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, दर्शनी भाग १९३१ मध्ये गेला आणि आज एक अर्धवट मनोरा उरला आहे. येथेही पाहा, वास्तू संपली, पण घंटा दुसऱ्या गावात वाजते आहे. आठ डिसेंबरच्या फेस्ताला पायऱ्यांवर जी माणसे होती, त्यांच्यासाठी चर्च हा पर्यटनाचा विषय नव्हता.

मराठी वाचकाने गोव्यात जावे ते राशोलसाठी. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीतील चर्चांत धर्मगुरू म्हणून आयुष्य वेचले. हे साष्टी गोव्यातील; मुंबईजवळचे साष्टी वेगळे. त्यांनी रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीच्या गौरवाने भारलेला आहे. त्या काळात छापलेल्या प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांच्या आधारे तो पुन्हा प्रकाशात आला. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालण्याचा फतवा काढला. सत्ता भाषेवर बंदी घालत होती, आणि त्याच सत्तेच्या छायेतील चर्चांत ओव्या म्हटल्या जात होत्या. धर्मांतराच्या सक्तीचा आणि इन्क्विझिशनचा काळोख या इतिहासात आहेच. तो झाकून चर्चांचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. पण त्या काळोखातही गावकऱ्यांनी आपली भाषा सोडली नाही, हेही तितकेच खरे.

भेट देणाऱ्यांसाठी

वर्षभराच्या अनुभवावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. चर्चला रविवारी सकाळी जावे. उपासना चालू असताना मागच्या बाकावर शांत बसावे, छायाचित्रे काढू नयेत. दर्शनी भिंतीपेक्षा आधी आवारातील क्रूस आणि दफनभूमी पाहावी. बाप्तिस्म्याचे कुंड पुष्कळदा वास्तूपेक्षाही जुने असते, ते आवर्जून पाहावे. थडग्यांवरील लेख वाचावेत; एकाच दफनभूमीत पोर्तुगीज, इंग्रजी आणि मराठी अशा तीन काळांच्या भाषा आढळतात. जुन्या नोंदवह्या पाहायच्या असतील तर धर्मगुरूंना आधी पत्र लिहावे. त्या खासगी माहितीच्या असतात, हे विसरू नये.

एका गोष्टीची खंतही नमूद केली पाहिजे. एका गावी नव्या फरसबंदीखाली जुन्या कोरीव थडग्यांच्या शिळा गेल्याचे तेथील वृद्धांनी सांगितले. गावाचे नाव येथे देत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. वाढत्या धर्मग्रामाला मोठी वास्तू लागते, हे मान्य. भिंती बदलल्या तरी धर्मग्राम टिकतो, हे दादर आणि माहीमने शिकवले. परंतु थडग्यावरील नाव, वहीतील नोंद, आजींच्या तोंडची बोली एकदा गेली की ती परत बांधता येत नाही. जतनाचा आग्रह धरायचा तर प्रथम याचा धरावा, असे आता माझे मत झाले आहे. बांधकामापूर्वी शिळांची छायाचित्रे घेणे, नोंदवह्यांच्या प्रती करणे, ज्येष्ठांची गाणी ध्वनिमुद्रित करणे ही कामे अवघड नाहीत, आणि त्यासाठी ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही.

परवा ते गृहस्थ नालवाडीच्या चौकात पुन्हा भेटले. मी त्यांना निर्मळच्या यात्रेची, पंचहौदाच्या चहाची आणि राशोलच्या ओव्यांची हकीकत सांगितली. ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "पुढच्या साली कुठं?" नव्या वहीच्या पहिल्या पानावर दोन नावे आहेत. एक कोर्लई, रायगड जिल्ह्यातील या गावी चर्चभोवतीच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली सुमारे हजार माणसे अजून बोलतात. दुसरे जालन्याजवळचे बेथेल. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेले ख्रिस्ती गाव. या खेपेला गृहस्थांनी सोबत येण्याची तयारी दाखवली आहे. जालना आम्हाला जवळचे, तेव्हा आरंभ तेथूनच करू.